नांदू लागले

दुपारी माळ्यावरचा खोका उपसताना परीकथांचं जुनं पुस्तक हाती आलं. शेवटचं पान गायब. दूताने बूट सिंड्रेलाच्या पायात चढवला, तो बरोबर बसला, आणि... पुढे नुसता शिवणीचा दोरा.

पान मी फाडलेलं नाही. कोपरे दुमडते, एवढंच पाप माझ्या नावावर.

त्या पानावर काय होतं ते पाठच आहे म्हणा. राजपुत्र आणि सिंड्रेला सुखाने नांदू लागले. आत्या मात्र गोष्ट सांगताना हे वाक्य कधीच म्हणायची नाही. बूट बसला की, "झालं, झोपा आता."

"मग पुढे काय झालं?"

"पुढे काय होणार? बूट चावला."

आम्ही खो-खो हसायचो. आतून आजीचा आवाज यायचा, "अगं, पोरांना काय सांगत्येस!" नांदायला गेलेली आत्या अडीच वर्षांत परत आली होती आणि तिच्यासमोर हे क्रियापद घरात कोणी उच्चारत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

क्रियापदही अजबच. बाई नांदते, किंवा तिला नांदवतात. नवरा कधी नांदल्याचं ऐकलंय? मराठीत पुरुष नांदतो तो गोष्टीच्या शेवटच्या ओळीत. (शांतताही नांदते. तीही स्त्रीलिंगीच.)

हल्ली या गोष्टी नव्याने लिहिणाऱ्या बायका मी हावरटासारखी वाचते. अँजेला कार्टरच्या १९७९ च्या पुस्तकात बायका मारणाऱ्या नवऱ्याच्या तावडीतून नायिकेला सोडवायला जुन्या गोष्टीतल्यासारखे भाऊ येत नाहीत. घोड्यावरून तिची आई येते आणि जावयाला गोळी घालते. वाचताना मी एकटीच टाळी वाजवली होती. पण जुन्या गोष्टी तरी कुठे एवढ्या सोवळ्या होत्या? ग्रिम बंधूंची राजकन्या बेडकाचा मुका घेतच नाही. वैतागून त्याला भिंतीवर आपटते, आणि तेव्हा कुठे त्याचा राजपुत्र होतो!

त्याआधीची ती फ्रान्सची मादाम दोनुआ. 'परीकथा' हे नाव रूढ झालं ते तिच्या पुस्तकामुळे. कोवळ्या वयात तिचं लग्न तीसेक वर्षांनी मोठ्या सरदाराशी लावलं. पुढे नवऱ्यावर राजद्रोहाचा आळ घेण्याच्या कटात तिचं नाव आलं. तो निर्दोष सुटला. १६९० साली तिने छापलेल्या पहिल्या परीकथेत राजपुत्र शेवटी चक्क मरतो. आत्याला ही बाई आवडली असती. निदान दोघींनी मिळून कुणाला तरी नावं ठेवली असती.

आणि जर्मन गोष्टींचा तो ठरलेला शेवट: 'मेली नसतील, तर अजून जगत असतील.' सुखाचं नाव नाही. नांदण्याचंही नाही. सरळ हिशेब.

पुस्तक पुसून फडताळात ठेवलं. ठेवताना शिवणीपाशी बोट फिरवलं. मुलांनी ओरबाडलेलं पान असं नसतं. वरपासून खालपर्यंत कड एकदम सरळ आहे.

आत्या शिवणकाम करायची. घरातली कात्री ती कुणाला हात लावू द्यायची नाही.