पत्ता सांगायलाच लागतो का?

साक्षीदार उलटतपासणीला घाबरतात, असा सर्वसाधारण समज. माझ्या पाहण्यात बऱ्याच जणांना धास्ती असते ती त्याआधीची: नाव, वय, धंदा, राहणार. शपथ झाली की पहिलं हेच विचारतात, आणि मागे पिंजऱ्यात आरोपी ऐकत असतो.

मुंबई सत्र न्यायालयात सरकारतर्फे मी चालवत असलेला एक खटला 2019चा होता. लालबागच्या एका गल्लीत चॉपरने हल्ला, कलम 307, म्हणजे खुनाचा प्रयत्न. समोरच्या मेडिकलमध्ये काम करणारी बाई प्रत्यक्षदर्शी. पुकारा व्हायच्या आधी तिने मला व्हरांड्यात गाठलं.

“मॅडम, पत्ता सांगायलाच लागतो का? पोलिसांकडे आहे तो सासरचा. आता मुलीला घेऊन मी वेगळी राहते.”

दोषारोपपत्राची नक्कल आरोपीला मिळतेच, त्यामुळे जुना पत्ता लपवण्यात काही अर्थ नव्हता. नवा मात्र अजून कुठल्याच कागदावर आलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे, पण तिथे रीतसर अर्ज आणि धोका किती याचा पोलीस अहवाल लागतो. हिला तर कोणी धमकावलंही नव्हतं. मी हातानेच अर्ज लिहिला: नवा पत्ता बंद पाकिटात, साक्षीच्या कागदावर ‘द्वारा पोलीस ठाणे’. आरोपीच्या वकिलांचा ‘से’, म्हणजे म्हणणं, घेऊन न्यायाधीशांनी मंजूर केला.

सरतपासणी, म्हणजे माझे प्रश्न, सुरळीत झाली. उलटतपासणीला वकीलसाहेबांनी सुरुवातच केली, “तुम्ही नवरा सोडलात, बरोबर?”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी उठले. खटला जुना, नवा पुरावा कायदा येण्याआधीचा, म्हणून साक्ष 1872च्या पुरावा कायद्यानेच चाललेली. त्याच्या कलम 148प्रमाणे असला प्रश्न तेव्हाच योग्य, जेव्हा त्यातला आरोप खरा निघाला तर साक्षीदाराच्या विश्वासार्हतेबद्दल कोर्टाचं मत गंभीरपणे बदलेल. नवरा सोडला म्हणून नजर कमी होते की काय? हे अर्थात मनातल्या मनात.

“संबंध काय?” न्यायाधीशांनी विचारलं. वकीलसाहेब चारित्र्यावर काहीतरी बोलू लागले. “नामंजूर. पुढे.”

मग त्यांनी खरा प्रश्न काढला. माणूस हुशार, उगीच का वेळ घालवत होता कोण जाणे.

“शटर अर्धं खाली होतं ना?”

“हो. मी वाकून बघितलं.”

“मग चेहरा कसा दिसला?”

“पळताना तो आमच्या पायरीला अडखळून पडला. माझ्यासमोरच.”

“हे पोलिसांच्या जबाबात नाही.”

“मी सांगितलं होतं. त्यांनी का लिहिलं नाही, ते त्यांना विचारा.”

ही ओमिशन, म्हणजे जबाबात सुटलेली गोष्ट, युक्तिवादाच्या वेळी मला जड जाणार, हे तिथेच कळलं. पण बाई शब्दावरून हलली नाही.

साक्ष वाचून तिने सही केली, तर शिपाई भत्त्याचा फॉर्म घेऊन हजर. त्यात पूर्ण पत्ता आणि मोबाइल. “राहू दे मॅडम, नको तो भत्ता,” म्हणून ती निघालीच होती. मी थांबवलं. दिवसाची मजुरी बुडवून आली होती ती. तिथेही ‘द्वारा पोलीस ठाणे’ लिहून मंजूर अर्जाची प्रत जोडली. क्लार्क कुरकुरला, साहेबांना विचारून आला आणि पैसे दिले.