हिंदुराव, दिगू आणि दोघांमधले डॉक्टर

१९७५ साली जब्बार पटेल यांचा 'सामना' आला. त्यात निळू फुले यांनी साखर कारखान्याच्या जोरावर सारा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील उभा केला आणि डॉक्टर श्रीराम लागू यांनी त्याच्यासमोर एक दारुडा, खचलेला, एके काळचा गांधीवादी मास्तर. चारच वर्षांनी, म्हणजे १९७९ साली, त्याच दिग्दर्शकाने विजय तेंडुलकरांच्याच पटकथेवर 'सिंहासन' केला, तेव्हा मात्र चित्र पार उलटले होते. मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून बसलेला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे डॉक्टरांकडे आला आणि हा सगळा खेळ उघड्या डोळ्यांनी पाहणारा, पण त्यात काहीही बदलू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस निळूभाऊंकडे. या दोघांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक एकेकट्यावर. एकावर लिहायचे तर 'नटसम्राट' आणि दुसऱ्यावर लिहायचे तर खलनायक, असे जणू ठरूनच गेले आहे. माझे मत असे की हे दोघे एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नीट कळतच नाहीत.

निळूभाऊंपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याविषयीचा गैरसमज अधिक जुना आणि अधिक घट्ट आहे. पुण्यात वाढलेला हा मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागला आणि त्याच काळात समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता झाला. महिना ८० रुपयांच्या पगारातून १० रुपये ते सेवा दलाला देत, असे त्यांच्याबद्दल वारंवार लिहिले गेले आहे. अभिनयाचे त्यांचे शिक्षण झाले ते सेवा दलाच्या कलापथकात. कलापथक म्हणजे गावोगावच्या पटांगणात, जेमतेम उजेडात, समोर बसलेल्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना हसवत हसवत राजकारण समजावून सांगणे. अशा जागी नटाला प्रेक्षक अगदी जवळून दिसतो, आणि गावचा पाटील, सोसायटीचा चेअरमन, निवडणुकीपुरते हात जोडणारा उमेदवार ही माणसे तर पहिल्याच रांगेत मानाच्या खुर्चीवर बसलेली असतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या वगनाट्यातल्या रोंघेने लोकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर नेले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून ते पडद्यावर आले.

पुढे त्यांनी जे सरपंच, सावकार आणि आमदार रंगवले, त्यांची सामग्री त्यांनी या दौऱ्यांत गोळा केली होती, असे मला वाटते. नकला करणारे आजही 'बाई, वाड्यावर या' एवढ्या एका वाक्यावर निळूभाऊ उरकून टाकतात, आवाज घोगरा करतात, डोळा बारीक करतात आणि टाळ्या घेतात. त्यात जे हरवते ते नेमके निळूभाऊंचे वैशिष्ट्य. त्यांचा पाटील क्वचितच ओरडतो. ज्याचे म्हणणे कुणी टाळणार नाही याची ज्याला खात्री आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही, ही गोष्ट त्यांनी पुरती ओळखली होती. हुकूम द्यायचा तो विनंतीच्या सुरात, धमकी द्यायची ती विचारपूस केल्यासारखी, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे न पाहता भलतीकडेच पाहत राहायचे, म्हणजे बोलणाऱ्याचा धीर आपोआप सुटतो.

चित्रपटांच्या या गर्दीत त्यांचे एक नाटक झाकले जाते. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' बसवले आणि सखाराम निळूभाऊंना दिला. सेन्सॉरने नाटक अडवले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नाटक तिथून सुटून आले. नवऱ्याने टाकलेल्या बाईला घरात आणून, 'हे माझे नियम, पटले तर राहा' असे रोखठोक सांगणारा छापखान्यातला हा बाइंडर लंपट खलनायक म्हणून करणे अगदी सोपे होते. तसा केला असता तर नाटक चारसहा प्रयोगांत संपले असते. सखारामला आपण प्रामाणिक आहोत असे मनापासून वाटते, आणि ते त्याला वाटते हे प्रेक्षकाला पटले तरच नाटकाला धार येते. लोकनाट्यातून आलेल्या, मध्यमवर्गीय रंगभूमीला तोवर जवळजवळ परक्या असलेल्या नटाला ही भूमिका देण्यात सारंगांची नजर दिसते. लालन सारंग यांच्या चंपाबद्दल जितके बोलले गेले, तितके सखारामबद्दल बोलले गेले नाही, याची मला खंत आहे.

डॉक्टरांचा रस्ता याच्या अगदी उलट दिशेने आला. जन्म १६ नोव्हेंबर १९२७, साताऱ्याचा. शिक्षण पुण्यात, भावे स्कूल, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल. कान-नाक-घसा हा विषय घेऊन ते शल्यचिकित्सक झाले, अधिक शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले, पुण्यात व्यवसाय केला आणि पूर्व आफ्रिकेत टांझानियातल्या टबोरा इथेही काही काळ रुग्णालयात काम केले. नाटक या सगळ्याला समांतर चालूच होते. पुण्यात भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आणि मुंबईत 'रंगायन'मध्ये त्यांनी कामे केली. १९६९ साली 'इथे ओशाळला मृत्यू' या वसंत कानेटकरांच्या नाटकापासून त्यांनी पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. हातात उत्तम चालणारा व्यवसाय असताना, त्या वयात, त्या काळच्या नाटकाच्या नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवर, जगायचे ठरवणे हा निर्णय आज वाचताना वाटतो त्याहून बराच धोक्याचा होता.

घशाचा डॉक्टर नट झाला, एवढ्यावरून त्यांच्या आवाजाबद्दल पुष्कळ गमतीदार गोष्टी सांगितल्या जातात; त्या सोडून देऊ. आवाज मात्र खरोखर अभ्यासाचा विषय आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदु असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग केला, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. निवृत्त, थकलेले, पुढे घरादाराला मुकलेले अप्पासाहेब बेलवलकर करणारा नट तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि नाटक होते भाषेच्या ऐश्वर्याने ओथंबलेले. जुन्या नटाने त्यातली स्वगते एका दमात, सूर चढवत नेऊन टाळीवर आणून सोडली असती, आणि तसे करण्यात गैरही काही नव्हते, कारण बेलवलकर स्वतःच त्या जुन्या परंपरेतला नट आहे. डॉक्टरांनी वाक्य श्वासावर तोडण्याऐवजी विचारावर तोडले. स्वगतांची जी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत त्यांतही हे स्वच्छ ऐकू येते: एखाद्या शब्दाशी ते थबकतात, तो पुढे ढकलावा की नाही याचा जणू निर्णय घेतात, आणि मग पुढचा अर्धा भाग अनपेक्षितपणे खालच्या पट्टीत येतो. त्यामुळे आपण शिरवाडकरांचे काव्य ऐकत असतानाच एक म्हातारा ते काव्य आपल्या बचावासाठी वापरतो आहे, हेही ऐकतो.

या भूमिकेने त्यांच्या प्रकृतीवर परिणाम केला, हृदयाचे दुखणे मागे लागले आणि त्यांना ती सोडावी लागली. नंतर दत्ता भट यांनी ती आपल्या पद्धतीने गाजवली. भूमिका आपल्या मालकीची नसते, हे डॉक्टरांचे मत होते. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'लमाण' हे नाव दिले, कारण नट म्हणजे नाटककाराचा माल प्रेक्षकापर्यंत पोहोचवणारा वाहक, अशी त्यांची धारणा होती. हे मला सबंध पटत नाही. वाहकाने वाटेत मालाला हात लावायचा नसतो, आणि बेलवलकर रंगमंचावर येताना डॉक्टरांनी त्याला पुष्कळ हात लावला होता.

आता 'सामना'कडे येतो. गोष्ट साधी आहे. एका अनोळखी गावात हा मास्तर येतो, हिंदुरावाला संशय येतो की हा कुणी वेष पालटून आलेला बडा माणूस तर नसेल, म्हणून तो त्याला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला कारखाना आणि आपले साम्राज्य अभिमानाने दाखवतो. मास्तरच्या कानावर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाचे नाव पडते आणि त्या नावामागे तो लागतो. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न पुढे चित्रपटातून बाहेर पडून महाराष्ट्राच्या राजकीय बोलण्यात रुळला, हे सर्वांना माहीत आहे. बर्लिनच्या महोत्सवातही हा चित्रपट गेला.

पण मला सांगायचे आहे ते या दोघांच्या समोरासमोरच्या प्रसंगांबद्दल. तोवर डॉक्टर म्हणजे भरदार आवाज आणि निळूभाऊ म्हणजे ग्रामीण इरसालपणा, असे साचे तयार झाले होते. इथे डॉक्टरांनी आवाजाचा आधारच काढून घेतला. त्यांचा मास्तर पुटपुटतो, वाक्य अर्धवट सोडतो, दारूसाठी लाचार होतो आणि प्रश्न विचारतो तोही चाचरत, पण परत परत. हिंदुराव सुरुवातीला हसतो, मग समजावतो, मग पाहुणचार वाढवतो. निळूभाऊंनी इथे एक विलक्षण गोष्ट केली आहे: प्रश्न जितका टोचू लागतो, तितका त्यांचा हिंदुराव अधिक अगत्यशील होत जातो. भीती दाखवायला त्यांनी चेहऱ्याची एकही मोठी हालचाल वापरलेली नाही. आदरातिथ्य वाढते, एवढ्यावरूनच माणूस घाबरला आहे हे आपल्याला कळते. सहकारातून उभ्या राहिलेल्या सत्तेचे इतके नेमके चित्र मराठी पडद्यावर पुन्हा क्वचित आले, आणि ते रंगवणारा माणूस समाजवादी चळवळीतला होता, हा काही योगायोग नव्हे. हिंदुरावाने काहीच उभे केलेले नाही, असे तो दाखवत नाही. कारखाना खरा आहे, रोजगारही खरा आहे, म्हणूनच मारुती कांबळेचा प्रश्न अवघड होतो.

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' घडला आणि त्यात अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री इतका जबरदस्त आहे की बाकीच्यांची दखल घ्यायला दुसऱ्यांदा चित्रपट पाहावा लागतो. दुसऱ्यांदा पाहताना दिगूवर लक्ष ठेवावे. हिंदुराव ज्या डोळ्यांनी माणसे जोखतो, त्याच डोळ्यांनी दिगू माणसे पाहतो, फरक एवढाच की दिगूला त्यातून मिळवायचे काहीच नसते. तो मंत्र्यांच्या बंगल्यांवर जातो, कामगार पुढाऱ्याला भेटतो, सगळे जाणतो आणि छापता येते त्याहून बरेच जास्त मनात ठेवतो. डॉक्टरांचा दाभाडे दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्याकडे मास्तरची बुद्धी आणि भाषा आहे, पण प्रश्न उरलेला नाही. उरली आहे ती आकडेमोड, कोण आपल्या बाजूला आहे आणि किती दिवस राहील याची. शेवटी दिगू वेड लागल्यासारखा हसतो तो प्रसंग काहींना अतिरंजित वाटतो. मला वाटत नाही, कारण त्याआधीचे दोन तास निळूभाऊंनी चेहऱ्यावर काहीच येऊ दिलेले नसते.

यानंतरच्या दोघांच्या चित्रपटांची यादी लांब आहे आणि तिच्यातले बरेचसे विसरावे असेच आहे. हिंदी चित्रपटसृष्टीने डॉक्टरांना बाप, न्यायाधीश आणि डॉक्टर करून टाकले. 'घरौंदा'सारखी भूमिका, जिच्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, किंवा रिचर्ड अॅटनबरोच्या 'गांधी'तले गोखले, हे अपवादच. निळूभाऊंना 'सारांश'मध्ये महेश भट यांनी गजानन चित्रे हा राजकारणी दिला, तो थोड्या वेळातही लक्षात राहतो. पण मराठीत मात्र त्यांना तोच फेटा, तोच वाडा आणि तीच बदनजर पुन्हा पुन्हा देण्यात आली. निर्मात्यांचा आळस याखेरीज मला त्याचे दुसरे कारण दिसत नाही.

रंगभूमीवर डॉक्टर तसे अडकले नाहीत. 'हिमालयाची सावली', गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा', महेश एलकुंचवारांचे 'आत्मकथा' अशी नाटके ते निवडत राहिले आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ साली, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस झाले. एका माणसाने प्रश्न विचारत राहणे आणि त्याची किंमत मोजणे, ही गोष्ट मास्तरपासून तिथवर सरळ येते.

या दोघांची मैत्री कॅमेऱ्यापुरती नव्हती. सामाजिक चळवळींत पूर्णवेळ काम करणाऱ्या, पगार नसलेल्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचे ठरले, तेव्हा पैसे जमवण्यासाठी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगावी करण्यात आले आणि डॉक्टर व निळूभाऊ दोघेही त्यात उभे राहिले. दोघे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाबरोबर होते. डॉक्टर तर देवाला निवृत्त करा, असे उघड लिहीत, आणि नरेंद्र दाभोलकरांबरोबर 'विवेकजागराचा वाद-संवाद' हा कार्यक्रम घेऊन फिरत. त्यात डॉक्टर परमेश्वर नाहीच अशी बाजू मांडत आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका तेवढी टोकाची नाही, हे दाभोलकर समजावून सांगत. मतभेद लपवण्याची गरज दोघांनाही वाटत नसे.

निळूभाऊ १३ जुलै २००९ रोजी गेले, डॉक्टर १७ डिसेंबर २०१९ रोजी, दोघेही पुण्यात. ज्या वाचकांनी 'सामना' आणि 'सिंहासन' वेगवेगळ्या वेळी, तुकड्यातुकड्यांनी पाहिले असतील, त्यांना माझी एकच विनंती आहे: हे दोन्ही कृष्णधवल चित्रपट एकापाठोपाठ एक, याच क्रमाने पाहावेत, आणि दुसऱ्यात दिगू पहिल्यांदा दाभाडेसमोर आला की, त्यांच्यापैकी कोण कोणाला आधीपासून ओळखतो आहे असे वाटते, ते मला जरूर कळवावे.