पहिली क्रूझ: जेवणं, शो आणि वरचे खर्च कसे ठरवावेत

क्रूझचं बुकिंग झालं की जहाज दिसण्याच्या कितीतरी आधी खरेदी सुरू होते. कंपनीचं अ‍ॅप उघडावं तर ड्रिंक्स पॅकेज, डायनिंग पॅकेज, वाय-फाय, स्पा, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली, सगळं एकामागोमाग समोर येतं. प्रत्येकावर सवलत, आणि ती सवलत कायम संपायलाच आलेली. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सासूबाई आणि बारा वर्षांचा मुलगा. आठवडाभराची फेरी, मोठं जहाज, आणि कोणालाच आधीचा अनुभव नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे आहे ते बहुतेक मोठ्या जहाजांना थोड्याफार फरकाने लागू पडतं.

जेवणापासून सुरुवात करू नका, शोपासून करा, हा माझा पहिला सल्ला. जेवण जहाजावर कुठे ना कुठे, कधी ना कधी मिळतंच. शोची वेळ मात्र ठरलेली असते, आणि मोठ्या जहाजावर प्रवासी हजारोंनी असताना थिएटरच्या खुर्च्या त्याच्या काही अंशच असतात. बर्फावरचा स्केटिंग शो किंवा पाण्यातल्या कसरतींचा शो असेल तर जागा आणखी कमी. हे शो तिकिटाच्या पैशातच येतात, पण जागा आधी राखून ठेवावी लागते. काही जहाजांवर बुकिंग निघण्याच्या काही आठवडे आधी उघडतं, काहींवर चढल्यानंतरच. दुसरा प्रकार असेल तर चढल्या चढल्या, पोहण्याचा तलाव शोधायच्या आधी, अ‍ॅप उघडून बसा. जहाजाचं स्वतःचं अ‍ॅप जहाजाच्या वाय-फायवर इंटरनेट पॅकेज न घेताही चालतं, एवढं लक्षात ठेवा.

त्यातही एक गोष्ट आम्हाला उपयोगी पडली. उघड्या डेकवरचा पाण्याचा शो वाऱ्यामुळे आणि बर्फावरचा शो जहाज हलत असल्यामुळे रद्द होऊ शकतो. म्हणून हे दोन्ही आम्ही फेरीच्या पहिल्या अर्ध्यात घेतले. पाण्याचा शो वाऱ्यामुळे खरंच रद्द झाला, पण पुढे दिवस शिल्लक असल्यामुळे दुसऱ्या संध्याकाळी जागा मिळाली. शेवटच्या रात्रीसाठी ठेवणारे तसेच परत गेले. बुकिंग मिळालं नाही तरी निराश होऊ नका. शो सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी न आलेल्यांच्या जागा मोकळ्या करून बाहेरच्या रांगेला आत सोडतात. मुलगा आणि त्याचे बाबा एका शोला असेच रांगेत उभे राहून गेले आणि आमच्यापेक्षा चांगल्या जागी बसले. हेच उलटं वाचायचं तर, तुमचं बुकिंग असलं तरी रमतगमत जाऊ नका.

विनोदी कार्यक्रम, प्रश्नमंजूषा, नाचाचे वर्ग, हेडफोन लावून नाचायची रात्र यांना बहुधा बुकिंग लागत नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम अ‍ॅपवर येतो, काही जहाजांवर छापील कागदही मिळतो. सासूबाईंनी तो कागद मागून घेतला आणि पेनने खुणा करून ठेवल्या. आठवडाभर आमच्या सगळ्यांचा कारभार त्या कागदावरच चालला.

शो ठरले की मग रात्रीचं जेवण. मेन डायनिंग रूममधलं जेवण तिकिटात धरलेलं असतं आणि ते कोर्स करत चालतं, त्यामुळे दीड तास कुठेच जात नाही. इथे दोन पद्धती असतात. एकीत वेळ ठरलेली, म्हणजे लवकरची बैठक सहाच्या आसपास आणि उशिराची आठच्या आसपास. टेबलही तेच आणि वेटरही तेच. दुसरीत वेळ मोकळी, हवं तेव्हा जायचं किंवा त्या त्या दिवशी वेळ राखायची. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेल्या वेळेची पद्धत 2000 साली मोडीत काढली आणि आता बऱ्याच कंपन्या दोन्हींतून निवडू देतात. मुख्य थिएटरचा खेळ बहुधा दोन वेळा होतो आणि त्या वेळा या बैठकांशी जुळवलेल्या असतात: लवकर जेवणाऱ्यांनी नंतर बघायचा, उशिरा जेवणाऱ्यांनी आधी.

आम्ही लवकरची ठरलेली बैठक घेतली, आणि ती सासूबाईंमुळे. त्या शाकाहारी आहेत. पहिल्या रात्री त्यांनी वेटरला सूपबद्दल विचारलं, ते सूप मांसाच्या स्टॉकवर, म्हणजे मांस उकळून काढलेल्या पाण्यावर, बनवलेलं निघालं. नावात फक्त भाज्या असल्या तरी स्टॉक, माशाचा सॉस, जिलेटिन हे विचारायलाच हवं. त्यावर हेड वेटर येऊन म्हणाला, उद्याचा मेनू आज रात्रीच देतो, निवडून ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरात वेगळं करता येईल. मग रोज जेवण संपता संपता दुसऱ्या दिवशीचा मेनू त्यांच्या हातात. ही सोय अ‍ॅलर्जी असलेल्यांना आणि पथ्य असलेल्यांनाही बहुतेक कंपन्या देतात, पण बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या रात्री पुन्हा सांगा. रोज तोच वेटर असण्याचा फायदा इथे कळतो. तिसऱ्या दिवसानंतर आम्हाला काही सांगावंच लागलं नाही. तोटाही आहे. बंदराच्या दिवशी पाचला दमून परत यायचं आणि सहाला टेबलावर हजर व्हायचं, याचा मुलाला शेवटी कंटाळा आला. त्या दिवशी तो आणि नवरा बुफेवर गेले. ठरलेल्या टेबलावर रोज गेलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, फक्त वेटरला आदल्या रात्री सांगितलं तर तो वाट बघत बसत नाही.

मेनूवर एकच सुरुवातीचा पदार्थ मागवायचा असा नियम नसतो. दोन मागवा, एखादा नवा प्रयोग करा, नाही आवडला तर बदलून मागा. मुख्य पदार्थ जास्तीचे घेतले तर काही कंपन्या आता पैसे लावतात, तेवढं विचारून घ्या. आठवड्याच्या फेरीत बहुधा दोन रात्री जरा नटून जायच्या असतात. सूट नसला तरी चालतं, मात्र त्या रात्री मेन डायनिंग रूममध्ये चप्पल-हाफ पँट चालत नाही. ज्यांना नटायचंच नाही त्यांना बुफे उघडा असतोच.

चढायच्या दिवशी दुपारी सगळं जहाज बुफेवर लोटतं. केबिन अजून तयार नसतात, प्रत्येकाच्या हातात बॅग, बसायला जागा नाही. त्या दुपारी मेन डायनिंग रूम किंवा एखादा लहान कॅफे उघडा आहे का, हे चढताना दारातल्या कर्मचाऱ्यालाच विचारा. आम्हाला एक शांत कोपरा असाच सापडला. मोठं सामान संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर येतं, म्हणून पोहण्याचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत हवेत.

स्पेशालिटी रेस्टॉरंट, म्हणजे वेगळे पैसे मोजून जायचं ते. डायनिंग पॅकेज घेतलं की अर्धा आठवडा तिथेच जातो, आणि ज्याचे पैसे आधीच भरलेत ते मेन डायनिंग रूमचं जेवण वाया जातं. आम्ही एकदाच गेलो, तेही दुपारी. काही जहाजांवर समुद्रात घालवायच्या दिवशी स्टेकहाऊस दुपारी उघडतं आणि रात्रीपेक्षा दर बराच कमी असतो. पदार्थ जवळजवळ तेच. पहिल्या रात्रीही अनेकदा सवलत मिळते कारण त्या दिवशी लोक अजून जहाजच शोधत असतात. लहान मुलांचा दर वेगळा असतो, तो विचारा. आणि छापलेल्या किमतीवर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क चढतं का, तेही. मला विचाराल तर पहिल्या क्रूझला एक जेवण पुरे.

ड्रिंक्स पॅकेजवर आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. पाणी, साधा चहा-कॉफी, बहुतेक ठिकाणी लेमोनेड आणि नाश्त्याचा ज्यूस हे फुकट असतं. एस्प्रेसो, बाटलीबंद पेयं, सोडा, मद्य यांचे पैसे. पॅकेजची रोजची किंमत सेवाशुल्कासकट घ्या आणि तिला जहाजावरच्या एका पेयाच्या सेवाशुल्कासकट किमतीने भागा. पैसे वसूल व्हायला रोज किती पेयं प्यावी लागतील ते कळतं. मद्याच्या पॅकेजला हा आकडा बहुधा दिवसाला पाच-सहाच्या आसपास येतो. आता बंदराचे दिवस मोजा, जेव्हा तुम्ही दिवसभर जमिनीवर असता आणि पॅकेज तिथे चालत नाही. पॅकेज सगळ्या दिवसांसाठी घ्यावं लागतं. शिवाय रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलसारख्या कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. कार्निव्हलच्या पॅकेजला चोवीस तासांत 15 मद्यपेयांची मर्यादाही आहे. ती गाठायची कोणाची इच्छा असेल तर त्याने सुट्टीचा हेतू पुन्हा तपासावा. नवऱ्याने हिशोब बघून विचारलं, "आपण सुट्टीवर आलोय की टार्गेट पूर्ण करायला?" विषय तिथेच मिटला. मुलाला सोड्याचं पॅकेज घेतलं, ते मात्र वसूल झालं, कदाचित जरा जास्तच.

बऱ्याच कंपन्या चढताना प्रत्येक प्रौढाला वाइनची एक 750 मिलीची बाटली नेऊ देतात. ती केबिनमध्ये उघडली तर काही नाही, डायनिंग रूममध्ये नेली तर बाटली उघडण्याचं शुल्क लागू शकतं. कंपनीचा नियम निघण्याआधी वाचा.

आधी घेतलेलं बरं असतं ते वाय-फाय. जहाजावर चढल्यावर दर वाढतो. एका उपकरणाचं पॅकेज घेऊन तेच एकाकडून दुसऱ्याकडे फिरवता येतं; चौघांना आम्ही असंच भागवलं, भांडणं धरून. 2022 पासून रॉयल कॅरिबियनने जहाजांवर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहांवरून येणारं इंटरनेट, बसवायला सुरुवात केली, मग इतरांनीही, त्यामुळे व्हिडिओ कॉल आता शक्य होतात. पण किनारा सोडण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि फक्त वाय-फाय चालू ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

आधी घेतलेल्या गोष्टींचे दर अ‍ॅपवर वरखाली होत राहतात. अनेक कंपन्यांत निघण्याच्या काही दिवस आधीपर्यंत रद्द करून कमी दरात पुन्हा घेता येतं, म्हणून एकदा घेऊन विसरू नका.

स्पासाठी बंदराच्या दिवसाचा दर बघा, जहाज रिकामं असतं तेव्हा सवलत निघते. मालिशनंतर तेलं आणि क्रीम विकण्याचा कार्यक्रम असतो, एकदा हसून नाही म्हटलं की झालं. जहाजाचे फोटोग्राफर दिसतील तिथे फोटो काढू द्या, विकत घेण्याचं बंधन नसतं. कॅसिनो आणि दुकानं बंदरात सहसा बंद असतात, तेव्हा खरेदीचा बेत समुद्राच्या दिवशी करा. मुलांच्या क्लबची नोंदणी पहिल्याच दिवशी करून टाका; रात्री दहापर्यंत तो बहुधा फुकट असतो, नंतर तासाप्रमाणे.

किनाऱ्यावरच्या सहलींचं थोडक्यात. कंपनीची सहल महाग, पण ती उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलात तर थांबत नाही. परतायची वेळ निघण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाची असते, किनाऱ्यावरच्या नव्हे. दोन्हींत फरक असू शकतो. जिथे जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकून उभं राहतं तिथे छोट्या बोटीने किनाऱ्यावर जायचं असतं. तिची रांग धरून किनाऱ्यावरचे तास मोजा. लांबचं ठिकाण, अवघड रस्ता असेल तर कंपनीची सहल. बंदर गावातच असेल तर पायी. आमचं एवढंच गणित होतं.

टिप रोज माणशी आपोआप तुमच्या जहाजावरच्या खात्यावर चढते. आधी भरून टाकली तर शेवटचं बिल बघून छाती दडपत नाही. जहाजावरचा खर्च सगळा त्याच खात्यात जातो. खात्याला डेबिट कार्ड जोडलं तर कंपनी त्यातली रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला काही दिवस लागतात, तेव्हा क्रेडिट कार्ड जोडा. आणि रोज रात्री अ‍ॅपवर खातं बघा. आमच्या खात्यात एक कॉफी दोनदा लागली होती. आठवड्याच्या मध्यावर काउंटरवर गेले, दोन मिनिटांत काढून दिली. शेवटच्या दिवशी त्याच काउंटरपुढची रांग लिफ्टपर्यंत गेली होती.

जेवणाआधी हात साबणाने धुवा. दारातलं सॅनिटायझर चांगलं आहे, पण जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

शेवटच्या रात्री मोठं सामान केबिनबाहेर ठेवायचं असतं. ते सकाळी बंदरातच हाती येतं, म्हणून उद्याचे कपडे आणि औषधं बाजूला काढा. उतरायच्या सकाळी बुफेवर पुन्हा पहिल्या दिवसासारखी झुंबड असते. सासूबाईंनी कागदावर मेन डायनिंग रूमच्या नाश्त्याला खूण करून ठेवली होती. तिथे अर्धी टेबलं रिकामी होती आणि चहा गरम होता.