पेवांची टेकडी

आण्णांना थेट माथ्यावर गाडीने नेऊ, असं मी मनात धरलं होतं. न्यूझीलंडला, ऑकलंडला नवीन आले तेव्हा इथल्या वन ट्री हिल या टेकडीवर गाडी वरपर्यंत जायची, तेच डोक्यात. पण माथ्याकडचा रस्ता गाड्यांना बंद करून आता बरीच वर्षं झालीत. आडव्या दांड्यापाशी जाऊन मी ओशाळले. वडिलांचं वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा दुखरा. "शिवनेरी चढलोय ना गेल्या साली," असं म्हणत ते उतरलेसुद्धा.

टेकडी तशी बारकीच, १८२ मीटर. पायथ्याला कॉर्नवॉल पार्क. नावाला पार्क, पण आत खरीखुरी शेती चालते: मेंढरं, गाई, काळ्या दगडांचे गडगे. सप्टेंबर, म्हणजे इथला वसंत, मेंढ्या वीत होत्या. काही कुरणांची फाटकं बंद, आणि कोकरांजवळ जाऊ नका अशा पाट्या. आण्णा एका गडग्याशी थांबले, दगडावरून हात फिरवला. "हा तर आपलाच दगड." खरंच होतं. हीही ज्वालामुखीची टेकडी, दगड बेसॉल्टच, फक्त सह्याद्रीच्या मानाने अगदी कालचा.

आधी अॅकेशिया कॉटेज पाहिलं. १८४१ साली जॉन लोगन कॅम्पबेल आणि विल्यम ब्राऊन या दोन स्कॉटिश भागीदारांनी बांधलेलं लाकडी घर. होतं शहरात, १९२० साली उचलून इथे आणलं. पुढे हाच कॅम्पबेल बडा व्यापारी झाला, ही जमीन त्याच्याकडे आली आणि १९०१ मध्ये त्याने ती लोकांना देऊन टाकली. ऑलिव्हच्या तेलाचा धंदा करायचा म्हणून त्याने इथे हजारो झाडं लावली होती. धंदा बसला, झाडं मात्र अजून उभी आहेत. आण्णांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "आपल्या गोठ्यापेक्षा ल्हान हाय," एवढंच बोलले.

चढायला लागलो. मी दर वळणावर "बसायचं का?" विचारत होते, ते दर वळणावर चिडत होते. अर्ध्यावर ते खरंच थांबले, पण दमून नाही. उतारावर एकाखाली एक सपाट पट्ट्या, आणि त्यांच्यात चौकोनी, लांबट खळगे, गवताने भरलेले. मी या वाटेने दहा वेळा तरी गेले असेन. ते खळगे मला कधी दिसलेच नव्हते, दिसले असले तरी मेंढरांनी केलेले वाटले असतील.

"ही पेवं हायेत," आण्णा म्हणाले.

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. आणि ती पेवंच होती! गोरे यायच्या कितीतरी आधी ही टेकडी माओरींचा, म्हणजे इथल्या मूळ लोकांचा 'पा' होती, तटाकुंपणाचं मोठं गाव. नाव मौंगाकिएकिए. पट्ट्यांवर घरं, आणि या खड्ड्यांत कुमरा, म्हणजे रताळी. रताळं मूळचं उष्ण मुलखातलं, इथल्या थंडीत उघड्यावर सडून जाणार. म्हणून खड्डा खणायचा, वर छप्पर घालायचं, पाण्याला वाट काढून द्यायची आणि हिवाळाभर तग धरायचा.

मग आण्णांनी आमच्या वाड्यातल्या पेवाची गोष्ट सांगितली. मी लहानपणी ऐकून विसरले होते. बाटलीसारखं निमुळतं तोंड, आत कडब्याचा थर, वरून मातीने लिंपलेलं. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूसही विझायचा. ज्वारी आणि रताळं, दोन्हीकडे भीती एकच.

माथ्यावर कॅम्पबेलची कबर आहे आणि ३३ मीटरचा उंच दगडी स्तंभ. माओरी आता संपत चालले अशी त्या काळी गोऱ्यांची समजूत होती, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारायला त्याने पैसे ठेवले. माओरी काही संपले नाहीत. माथ्यावर एकच पाइन उरलं होतं, त्यावर १९९४ मध्ये एका माओरी कार्यकर्त्याने करवत चालवली. २००० साली ते धोक्याचं झालं म्हणून काढावं लागलं. मग कितीतरी वर्षं 'वन ट्री हिल'वर एकही झाड नव्हतं. २०१६ मध्ये देशी रोपं लावली, ती आता वाढताहेत. मी हे सगळं ऐकवलं. आण्णा स्तंभाकडे मान वर करून बघत राहिले. म्हणाले, "माणसं जिती असताना?"

उतरताना गुडघा बोलायला लागला. एक तरुण जोडपं आमच्यासाठी फाटक धरून उभं राहिलं. फाटक होतं तसं पुन्हा लावायचं हे आण्णांना कुणी सांगावं लागलं नाही, मागे वळून कडी त्यांनीच घातली.

वाटेत बाजारातून लाल कुमरा घेतला. रात्री उकडून, मीठ लावून खाल्ला. झोपायच्या आधी आण्णांनी दारातून हाक मारली, "ताई, मी एकोणीस मोजली. पलीकडच्या अंगाची ऱ्हायली. रविवारी जाऊ."