आधी मनगट, मग जांघ

छातीतली कळ जबड्यापर्यंत चढली होती, शर्ट घामाने चिंब. ईसीजी पाहताच डॉक्टर म्हणाले, "मोठा अटॅक आहे, लगेच अँजिओप्लास्टी करावी लागेल. धमनीतून नळी घालून हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडायची." सही करता करता मी एवढंच विचारलं, "मनगटातून कराल ना?" मोठ्या भावाची जांघेतून झाली होती आणि गुडघ्यापर्यंत उतरलेली त्याची काळीनिळी मांडी मी विसरलो नव्हतो.

"आधी मनगटातूनच बघतो. पण अडलं तर तिथे वेळ घालवणार नाही."

कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे हे काम होतं त्या खोलीत, मनगट आणि जांघ, दोन्हीकडे औषध लावून ठेवलं. मनगटात सुई गेली, नळीही गेली. पण कोपराच्या वर हात कुणीतरी आतून पिळावा तशी कळ आली. धमनी आखडली होती. ती सैल करायचं औषध सोडलं, तेव्हा बोटांपर्यंत आग झाली. तरी नळी पुढे सरकेना. "जांघेतून जाऊ या," डॉक्टर शांतपणे म्हणाले. मला भावाची मांडी आठवली, पण मी विरोध केला नाही. बंद पडलेल्या रक्तवाहिनीमागचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. जांघेतून स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला गेला आणि छातीवरचा दगड बाजूला झाला.

खरी परीक्षा रात्री होती. पाय सरळ ठेवायचा, मान उचलायची नाही, खोकला आला तर जांघ हाताने दाबून धरायची. सिस्टर सारख्या येऊन जागा चाचपत होत्या. अटॅकमध्ये रक्त पातळ करणारी दोन-तीन औषधं एकदम दिलेली असतात. जांघेतली धमनी खोल, तिथलं रक्त पोटामागे साचलं तर बाहेरून पटकन कळतही नाही. मनगटातली धमनी हाडावर असते, वरून दाबली की रक्त थांबतं. शिवाय पंजाला दुसऱ्या धमनीचाही पुरवठा असतो. पण मनगटातली धमनी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची, म्हणूनच आखडते.

घरी आल्यावर मी यावर बरंच वाचलं. मनगटातून पहिली अँजिओप्लास्टी 1992 मध्ये डॉ. किमेनेय यांनी ॲम्स्टरडॅमला केली. 2015 च्या 'मॅट्रिक्स' अभ्यासात 8,404 रुग्ण होते. त्यात मनगटाच्या गटात रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. 2020 च्या 'सफारी-स्टेमी' या अभ्यासात मात्र महिनाभरातल्या मृत्यूंत फरक आढळला नाही. माझा कल आजही मनगटाकडेच आहे, पण दोन्ही वाटांवर हात बसलेला डॉक्टर मला त्याहून मोलाचा वाटतो. आणि आधी बायपास झाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर ते घरच्यांनी दारातच सांगावं. कुठून जायचं ते त्यावरही ठरतं.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी माझं उजवं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ बोट टेकवून ठेवलं. मी श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत होतो.

"नाडी लागतेय. ही वाट शाबूत आहे."