कळसूबाईवरून कळसूबाई दिसत नाही

कसाऱ्याला शेवटच्या लोकलमधून उतरलो तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. स्टेशनबाहेर चहावाला पेंगत होता, जीपवाले मात्र टक्क जागे. "बारी, बारी, कळसूबाई!" करत एकाने मास्तरच्या सॅकला हातच घातला. मास्तर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. गणित शिकवतो आणि डोंगरही आकड्यांत चढतो. जीपमध्ये अकरा माणसं कोंबली गेली, त्यात गुडघ्यांचा हिशेब कसा लागतो हे तो मला घोटीपर्यंत समजावत होता.

श्रावण संपत आला होता. बारीला उजाडलं तेव्हा भातखाचरं काठोकाठ भरलेली, कौलांवरून पागोळ्या चालू. ज्यांच्या पडवीत सॅक उतरवल्या त्या मावशींनी आधी आमच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "चहा घ्या आन् लगेच निघा. आज लई गर्दी हाय," म्हणाल्या.

गर्दी खरंच होती. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, 1646 मीटर. हा आकडा शाळेत सगळ्यांनीच घोकलेला, त्यामुळे पावसाळ्यातल्या शनिवारी अर्धं मुंबई-पुणे तो पडताळून पाहायला येतं. एका ग्रुपने तर स्पीकर आणला होता. पावसाने तो तासाभरात बंद पाडला. पावसाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

वाट चुकायला वाव नाही. ओढा, खाचरांचे बांध, मग कातळ आणि जिथे कातळ सरळ उभा राहतो तिथे लोखंडी शिड्या. मास्तर पायऱ्या मोजत होता. मध्येच मागून कोणी "काका, जरा बाजूला" म्हणालं की मोजणी चुकायची आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. मधे एका ताडपत्रीखाली लिंबू सरबत घेतलं. सरबतवाल्या बाबांनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर, पाटलाच्या घरी कामाला राहिली. पण अट घालून: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एक दिवस पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावलीच. भांडी घासली ते ठिकाण थाळेमेळ. मग ती डोंगरावर निघून गेली ती कायमची. "शब्द मोडला ना त्यांनी," बाबा म्हणाले आणि पुढचं लिंबू कापायला घेतलं. रागावून गेलेल्या पोरीला डोंगराएवढी उंची देणारी ही गोष्ट मला फार आवडली. देवीच्या गोष्टीत चमत्कार शोधत बसण्यापेक्षा ही सरळ कामाच्या अटींची गोष्ट आहे.

शेवटची शिडी चढून माथ्यावर पोचलो तेव्हा वाऱ्याने पोंचो तोंडावर उलटा झाला. तो सोडवून पाहिलं तर समोर काहीच नाही. म्हणजे देवीचं छोटंसं देऊळ होतं, त्याला चिकटून थरथरणारी पन्नासेक माणसं होती, आणि त्यापलीकडे पांढरं. अलंग, मदन, कुलंग हे गड इथून हाताच्या अंतरावर दिसतात असं मी मास्तरला दोन वर्षं सांगत आलो होतो. त्याने अंदाजाने एका दिशेला तोंड केलं आणि म्हणाला, "छान आहेत." मग देवळाला टेकून आम्ही गूळपोळी खाल्ली. भिजलेली होती.

उतरताना मास्तरच्या उजव्या बुटाने जीभ बाहेर काढली. सहा वर्षं माळ्यावर पडलेले बूट घालून पावसात निघालं की दुसरं काय होणार? तळवा पुढून सुटून फटक-फटक वाजायला लागला. बारीला मावशींनी सुतळी आणून दिली आणि वर पिठलं-भाकरी, ठेचा वाढला. सुतळीचे पैसे काही घेतले नाहीत. शिड्यांच्या पायऱ्यांचा जाताना-येतानाचा आकडा जुळला नाही, ही बुटापेक्षा मोठी जखम होती. जेवताना तो गप्पच होता.

दुपारी जीपने शेंडी. भंडारदऱ्याचं धरण इथे प्रवरेवर उभं आहे, 1926 साली पुरं झालेलं, दगडी आणि अजूनही दिमाखदार. विल्सन डॅम, आर्थर लेक ही साहेबी नावं बऱ्याच जणांच्या तोंडी असतात. पण जलाशयाला आज नाव आहे ते राघोजी भांगरे यांचं. ते याच अकोले तालुक्यातले, सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठलेले, 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले. धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल. दरवाज्यातून सुटलेलं पाणी गोल कातळावर आपटून छत्रीसारखं पसरतं. बघायला सुंदर, पण नळ सोडल्यावर वाहणारा धबधबा म्हणून माझं मन त्यात फारसं रमलं नाही.

रंधा मात्र वेगळा. धबधबा दिसण्याआधी तो पायात येतो, जमिनीतून. सगळी प्रवरा एकाच घळीत कोसळते, गढूळ, चहाच्या रंगाची, आणि खालून उठणारा फवारा परत वर येऊन कठड्यावरच्या माणसांना भिजवतो. ओरडून बोललेलंही ऐकू येत नव्हतं. मास्तरने बोटांनी काहीतरी आकडा दाखवला, फुटांचा असावा. मी मान हलवली. अर्धा तास आम्ही नुसते उभे होतो.

रात्री रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ अंधारातच पाहिलं, टॉर्चच्या गोल उजेडात: एक खांब, एक यक्ष, वेलबुट्टीचा एक तुकडा. हजारेक वर्षांचं हे काम असं तुकड्या-तुकड्यानेच पाहावं, एकदम पाहिलं तर डोळा नुसता फिरत राहतो. सकाळी उजेडात पुन्हा पाहिलं आणि पुष्करणीशी रेंगाळलो, तेवढ्यात मुक्कामाच्या घरचे दादा म्हणाले, "चला, आज उघडणार असं वाटतंय."

रतनगडाची वाट सुरुवातीला प्रवरेतूनच जाते. काल ज्या नदीने रंध्यावर कानठळ्या बसवल्या ती इथे घोट्याएवढी, काचेसारखी. उगम या गडावरच आहे. तीच-तीच नदी आम्ही इतक्यांदा ओलांडली की मास्तरने मोजणं सोडून दिलं. पुढे दाट रान, कारवीच्या दांड्या धरत चढण, मग दोन शिड्या आणि गणेश दरवाजा. वर गुहेत रत्नाबाईचं ठाणं. आदल्या दिवसाच्या मानाने माणसं अगदी तुरळक. पठारावर सोनकी नुकती फुलायला लागली होती, काही ठिकाणी पिवळी, काही ठिकाणी अजून नुसती कळी.

नेढ्याचा शेवटचा टप्पा ओल्या कातळावरून, दोन्ही हात वापरून. सुतळीचा बूट इथे चक्क चांगला चालला, सुतळी दगडावर पकड घेत होती. नेढं म्हणजे डोंगराच्या माथ्याला वाऱ्याने पाडलेलं आरपार भोक. त्यात बसलं की एका बाजूने वारा येतो आणि दुसऱ्या बाजूने तुमची टोपी जाते. माझी गेली.

आम्ही तिकडे बघत असताना ढग वर सरकले. आधी जलाशय दिसला, मग कुलंगचा आडवा कडा, मग मदन, अलंग. आणि त्यांच्या उजवीकडे, सगळ्यांच्या वर टोक काढून, हिरवीगार, उन्हात धुतलेली.

"ती?" मास्तरने विचारलं.

"ती."

माथ्यावरचा देवळाचा ठिपका दिसतोय असं तो म्हणाला. मला दिसला नाही, पण मी वाद घातला नाही. कालपासून पहिल्यांदाच त्याने आकडा न सांगता एखादा डोंगर पाहिला होता. दहा-बारा मिनिटं मिळाली असतील. मग खालून कोकणातला ढग चढून आला आणि नेढ्यात आम्ही दोघं आणि पांढरं.

परतीची जीप संध्याकाळी बारीवरूनच गेली. ड्रायव्हरने वेग कमी केला, काचेवरचं धुकं फडक्याने पुसलं आणि खिडकीबाहेरच्या राखाडी ढगाकडे बोट दाखवलं. "ती बघा, कळसूबाई."

मास्तरने वाकून पाहिलं. "हो, दिसली," म्हणाला, आणि पायातली सुतळी सोडायला लागला.