डिटेदरिंगनंतर कॉर्ड पुन्हा चिकटू नये म्हणून: माझा अनुभव

लेकीचं डिटेदरिंग, म्हणजे खाली अडकलेला मज्जारज्जू (कॉर्ड) सोडवण्याचं ऑपरेशन, होण्याआधी परळच्या ओपीडीत मी सर्जनना पहिला प्रश्न हाच विचारला होता: आत व्रण धरू नये म्हणून काही औषध आहे का? नाही. लेकीचं डिटेदरिंग होऊन दोन वर्षं झाली, उत्तर अजून तेच आहे. जे टाळता येतं त्यातलं बरंचसं ऑपरेशन टेबलावरच टाळलं जातं. आपल्या हातात उरतात पहिले काही दिवस, आणि नंतरची नोंदींची वही.

तिचा प्रकार चरबीच्या गाठीचा, म्हणजे लायपोमाचा. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. हिचा गाठीने खाली धरून ठेवला होता. उंची वाढते तसा कणा लांबतो, अडकलेली कॉर्ड ताणली जाते आणि तिला रक्त कमी पडतं. गाठ सोडवल्यावर कॉर्डचा जो भाग सोललेला राहतो, तोच मागच्या बाजूला ड्युराला, म्हणजे कॉर्डभोवतीच्या जाड आवरणाला, जाऊन चिकटतो. म्हणून सर्जन त्या कच्च्या कडा एकमेकींना शिवून कॉर्डला गुळगुळीत नळीचा आकार देतात, ड्युराला ठिगळ लावून पिशवी ऐसपैस ठेवतात आणि आत रक्त साचू देत नाहीत. नुसतं जाड फायलम (कॉर्डच्या टोकाचा धागा) कापायचं असेल तर पुन्हा चिकटण्याची भीती बरीच कमी. लायपोमात, किंवा जन्मतः पाठीवरची उघडी गाठ शिवलेल्या मुलांत जास्त. ‘ठिगळ लावणार का’ आणि ‘ऑपरेशन चालू असताना लघवी-संडासच्या नसांचं मॉनिटरिंग होणार का’, हे दोन प्रश्न ॲडमिट होण्याआधीच विचारा.

आम्हाला ७२ तास सपाट झोपवायला सांगितलं होतं, पालथं किंवा कुशीवर. पालथं झोपल्यावर कॉर्ड वजनाने पुढे जाते, मागच्या टाक्यांपासून दूर राहते, हा त्यामागचा विचार. याला भक्कम पुरावा कमी आहे आणि प्रत्येक सर्जनचे दिवस वेगळे असतात, पण सपाट राहण्याचा आणखी एक हेतू म्हणजे कॉर्डभोवतीच्या पाण्याची गळती टाळणं. कूस बदलताना दोघं लागतात: एकाचा हात खांद्याला, दुसऱ्याचा नितंबाला, आणि दोन्ही एकाच वेळी. नुसता खांदा ओढला की कंबर पिळवटते. पाणी-सरबतासाठी वाकणारी स्ट्रॉ न्या.

ड्रेसिंग संडासच्या जागेपासून चार बोटांवर असतं, हे आधी कोणी सांगत नाही. सिस्टरकडून ड्रेसिंगच्या खालच्या कडेला प्लास्टिकची झालर चिकटपट्टीने लावून घ्या, म्हणजे घाण वर चढत नाही. वेदनाशामकं आणि पडून राहणं यांनी बद्धकोष्ठ हमखास होतो, आणि कुंथलं की टाक्यांवर जोर येतो. डॉक्टरांनी लॅक्टुलोज (संडास मऊ करणारं औषध) लिहून दिलं असेल तर ते पहिल्या दिवसापासून, चौथ्या दिवसाची वाट न बघता.

ड्रेसिंग आतून येणाऱ्या नितळ पाण्याने ओलं होणं, टाक्यांखाली फुगा येऊन रडताना तो ताठ होणं, बसल्यावर डोकं दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं, ताप, उलट्या: यातलं काहीही दिसलं तर सकाळची ओपीडी नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टी. गळतीतून जंतू आत गेले की आतल्या आवरणाला सूज येते, आणि नेमकी तीच पुढे कॉर्डला चिकटवते.

घरी पावसाळा होता. घामाने पट्टी सुटायची, म्हणून टाके बघून होईपर्यंत आंघोळ नाही, फक्त पुसून काढणं. आजीचं हळद-तेल मी हात जोडून परत केलं. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल लावलं, पण ते कातडीसाठी. बाहेरून चोळून आतला व्रण सुटत नाही, मालिशवाला काहीही म्हणो.

तीन महिन्यांनी एमआरआय आणि युरोडायनॅमिक्स (मूत्राशयाच्या कामाची तपासणी) केलं, पुढच्या तुलनेसाठी पाया म्हणून. तेव्हा एका सेंटरच्या रिपोर्टात ‘कॉर्ड खाली, मागे चिकटलेली’ असं आलं आणि आमची झोप उडाली. लायपोमाच्या ऑपरेशननंतर कॉर्ड बहुतेक वेळा फिल्मवर खालीच आणि मागे टेकलेलीच दिसते, मूल ठणठणीत असलं तरी. पुन्हा अडकली का, हे मुख्यतः लक्षणांवरून ठरतं. नुसत्या फिल्मवरून दुसरं ऑपरेशन नको, कारण प्रत्येक ऑपरेशन नवा व्रण देतं.

म्हणून वही. महिन्याला उंची, कारण झपाट्याने उंची वाढते तेव्हाच धोका जास्त. गुडघ्याच्या वाटीखाली १० सेंमीवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर. गॅलरीत टाचांवर चालताना किती लाद्या पार होतात. तीन महिन्यांतून एकदा दोन दिवस लघवीची नोंद: वेळ, मापात किती मिली, मध्ये चड्डी ओली झाली का. मूत्राशयात अंदाजे किती मावावं, तर वयात एक मिळवून ३० ने गुणायचं. आठ वर्षांच्या मुलीला २७० मिली. कोरडी राहणारी मुलगी पुन्हा ओली होऊ लागली, किंवा लघवीचं इन्फेक्शन वारंवार झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघत नाही.

आणि शाळेचे काळे बूट. जूनमध्ये नवे घेतले की तळव्यांचा फोटो काढून तारीख टाकते. डावा चवड्याकडे आधीपासूनच जास्त झिजतो, ते तिचं जुनंच. दिवाळीपर्यंत उजवाही तसाच झिजू लागला, तर तो फोटो घेऊन परळ गाठायचं.